आमच्या गल्लीत गाणं जिथं उडी मारायचं

कंधारच्या स्टँडवर नांदेडची गाडी लागली होती आणि बाबा खिडकीतून बॅग आत टाकून जागा धरायच्या खटपटीत होते. आई मला काहीतरी सांगत होती, पण ऐकू येत नव्हतं, कारण स्टँडमागं कुणाचं तरी लग्न होतं आणि रज्जाकचाचांच्या लाऊडस्पीकरचा कर्णा बरोबर आमच्याकडं तोंड करून बांधलेला. शेवटी आई ओरडून म्हणाली, "पोचलीस की फोन कर. अन् कुणाच्या भानगडीत पडू नको." बाबांनी भर घातली, "शिकायला चाललीस, शिकून ये. पुढारपण करू नको." गाडी हलली तेव्हा कर्ण्यावर ते गाणं लागलं होतं. दुसऱ्या कडव्याची पहिली ओळ झाली आणि गाणं नेहमीसारखं उडी मारून ध्रुवपदावर आलं.

बाबांचं मी ऐकलं नाही, हे गल्लीत राहिलेल्या तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. जे माझ्यासारखे नांदेड, लातूर, हैदराबाद, पुणे धरून बसलेत, त्यांनाही कळलं असेलच. मी पुण्यात सफाई कामगारांच्या संघटनेत काम करते. पत्रकं लिहिते. जुन्या हिंदी गाण्यांवर लिहीन असं मला कधी वाटलं नव्हतं. हल्ली जो तो गाण्यांवर हळवा होतो, आणि मला त्याचा राग येतो. आमची आई भर उन्हात अंगणवाडीची खिचडी ढवळायची तेव्हा कर्ण्यावरची नायिका झोपाळ्यावर बसून रडत असायची. कशासाठी रडत होती, ते आम्हाला कुणी सांगितलं नाही. पण आईला सगळी गाणी पाठ.

बाहेरच्यांना ही उडी सांगायला पाहिजे. रज्जाकचाचांकडं एक घासलेली रेकॉर्ड होती. एका ठिकाणी खोल चरा. सुई तिथं आली की उरलेलं कडवं सोडून पुढं जायची. मग कॅसेटचा जमाना आला. चाचांनी त्याच रेकॉर्डवरून कॅसेट भरली, म्हणजे उडीही भरली. पुढं कॅसेटवरून पेनड्राइव्ह. उडी तशीच. आमच्या बौद्धवाड्यातल्या लग्नात आधी वंदना, मग भीमगीतं, मग फर्माइशी. मागच्या मोमीन गल्लीत आधी कव्वाली, मग फर्माइशी. फर्माइशी मात्र दोन्हीकडं त्याच एका खोक्यातल्या. चाचा माईक हातात घेऊन रेडिओवाल्यांसारखा आवाज लावायचे आणि फर्माइश करणाऱ्याचं पूर्ण नाव पुकारायचे. कर्ण्यावर आपलं नाव गावभर ऐकू जावं म्हणून माणसं लग्नाला दोन तास आधी यायची. आणि ते गाणं लागलं की सगळे म्हणायचे, चऱ्यासकट. कुणीही थांबायचं नाही, अडखळायचं नाही. आम्हाला वाटायचं, गाणंच तसं आहे.

पुण्यात मला पहिल्यांदा खोली बघताना कळलं, की इथं घरमालक नाव विचारत नाही, आडनाव विचारतो. ते सांगितलं की खोली कालच गेलेली असते. त्यावर मी भरपूर पत्रकं लिहिली. गाणं डोक्यातून गेलं होतं. मग एकदा बसमध्ये कंटाळा आला म्हणून फोनवर त्याची ओळ टाकली आणि ते सापडलं. कुण्या हौशी माणसानं चढवलेलं, खरखरीत. कुणाला आठवत नसलेल्या सिनेमातलं. मी कान देऊन ऐकत होते, आणि उडीच्या जागी उडी आलीच नाही! उरलेलं अख्खं कडवं आलं. मी ते दोनदा ऐकलं. काही नव्हतं त्यात. चंद्र होता. मला फसवल्यासारखं वाटलं, आणि कुणी फसवलं ते सांगता येईना.

त्यानंतर काही आठवड्यांनी एका मोठ्या कंपनीच्या गेटबाहेर, चहाच्या टपरीवर आमची बैठक होती. सफाईच्या बायका. मागण्या दोन. दिवसभरात टेकायला खुर्ची पाहिजे. आणि जे संडास आम्ही धुतो ते आम्हाला वापरू द्या. हे मागावं लागतं! त्या चकचकीत काचेच्या इमारतीत बाईला लघवीला जायला गेटबाहेर यावं लागतं, आणि आत भिंतीवर माणुसकीची पोस्टरं. असो. तिथं संगीता नावाची बाई होती. चाळिशीची, कमी बोलणारी, बिल्ला पदराखाली झाकून बसणारी. ग्लास विसळता विसळता ती गुणगुणत होती. तेच गाणं. दुसऱ्या कडव्याची पहिली ओळ झाली आणि तिनं उडी मारली.

मी म्हणाले, "कंधारच्या का तुम्ही?"

"न्हाई. लातूरकडची."

"लातूरला हे गाणं असं म्हणत नाहीत."

तिनं मान वर केली. मग मी पुढचं म्हणाले, उडीसकट. ती आधी हसली आणि मग घाबरली. मला टपरीमागं घेऊन गेली. तिचं नाव नसीम. मोमीन गल्लीतली, रज्जाकचाचांची भाची. लग्न होऊन लातूरला गेली होती, म्हणून मला आठवत नव्हती. नवरा गेल्यावर पुण्याला आली. सुपरवायझरनं पहिल्याच दिवशी तिच्या हातात बिल्ला दिला, त्यावर छापलेलं, संगीता. म्हणाला, साहेब लोकांना बरं पडतं. तेच नाव सांगून तिला खोली मिळाली, आणि तेव्हापासून ती खोलीतही संगीताच होती.

माझं डोकं फिरलं. म्हटलं, उद्याच पत्रक काढते. नावासकट.

"काढ की," नसीमआपा म्हणाली. "लोकं वाचतेत अन् त्याच्यावर भजे ठिवून खातेत. अन् मी कुठं ऱ्हायची? तुझ्या पत्रकात?"

मी पत्रक काढलं नाही. मागं हटायची मला सवय नाही, पण हटले.

मधे मी कंधारला जाऊन आले. आईला फोनवर पूर्ण गाणं ऐकवलं. उडीची जागा आली आणि आईच्या कपाळाला आठ्या. "हे काय मधीच घुसवलं?" मी सांगितलं, आई, मुळात असंच आहे. "मुळात असंल. आपलं न्हाई हे. बंद कर ते." मी हसत हसत चाचांकडं गेले. आता लग्नांत डीजे येतो, चाचा घरीच असतात. त्यांना आईचं सांगितलं तर म्हणाले, "अगं बेटा, मी नवी कॅसेट आणली होती एकदा. चांगली, पूर्ण. मांडवात लोक उठून आले. म्हणले, चाचा, हे काय लावून राहिले? आपलं लावा. मग काय, जुनीच लावली!"

मग त्यांनी विचारलं, "आमची नसीम पुण्यात हाय म्हणं. दिसते का कुठं?"

"दिसते. बरी आहे," मी म्हणाले. बाकीचं सांगायचा हक्क माझा नव्हता.

"मग तिच्यासाठी एक फर्माइश घेऊन जा." मी रेकॉर्डिंग चालू करून दिलं. त्यांनी माझा फोन माईकसारखा तोंडाजवळ धरला, घसा खाकरला, आणि तो रेडिओवाला आवाज लावला: "ये फर्माइश आई है कंधार से, रज्जाकमामू की तरफ से, पूना में रहनेवाली हमारी नसीम बेगम के लिए." मागं जुन्या पेनड्राइव्हवरून गाणं लावलं. चऱ्यासकट.

पुढच्या रविवारी संघटनेच्या हॉलमधल्या बैठकीत मी फोन नसीमआपाकडं दिला. इअरफोनही दिला. सांगितलं, मामूंनी पाठवलंय, नाव घेतलंय, एकटीनं ऐक. तिनं इअरफोन कानात घातला. ऐकलं. परत ऐकलं. बायका खुर्च्यांच्या अर्जावर बोलत होत्या. तिनं इअरफोनची पिन ओढून काढली, आवाज वाढवला आणि फोन सतरंजीच्या मधोमध ठेवला. चाचांचा आवाज हॉलभर झाला.

"नसीम बेगम कोण बाई?" कुणीतरी विचारलं.

"मी," ती म्हणाली. "मामू हाय माझा. थांबा, गाणं तर ऐका."

यानंतर सगळं गोड झालं असं मी लिहिणार नाही. बातमी खोलीपर्यंत पोचायला चार दिवस लागले. घरमालकिणीचा भाचा अचानक पुण्याला शिकायला यायचा झाला, खोली लागणार म्हणाली. नसीमआपा ट्रंक घेऊन माझ्याकडं आली. बायकांनी बिल्ल्यावरून सुपरवायझरला घेरलं, तेव्हा बिल्ला बदलला. नवा बिल्ला ती आता पदराखाली झाकत नाही. खुर्च्या अजून आलेल्या नाहीत. हे लिहू का म्हणून तिला विचारलं, तर म्हणाली, "लिही. अन् पूर्ण नाव लिही. मामू वाचंल."

आईचा फोन येतो, घरी कधी येतेस? येते म्हणते, आणि जाते, चार दिवसांत कंटाळते, परत येते. घर कुठलं, असं आता कुणी विचारलं तर मला पत्ता सांगता येत नाही. एवढंच सांगता येतं, की संध्याकाळी भाकरी टाकताना नसीमआपा फोनवर ते पूर्ण गाणं लावते आणि आम्ही दोघी बरोबर म्हणतो. दुसऱ्या कडव्याची पहिली ओळ होते. फोनमधली बाई चंद्राकडं बघत बसते, आणि आम्ही दोघी केव्हाच ध्रुवपदावर पोचलेल्या असतो.

शेजारची साताऱ्याची ताई दारात येऊन म्हणते, "रोज चुकताय की गं तुम्ही."

आपा तव्यावरची भाकरी उलटते आणि म्हणते, "चुकत न्हाई. आमच्याकडं असंच हाय."