फळ्यावर न लिहिलेल्या दोन ओळी

आमच्याकडं कुत्रं कुणी मागून आणत नाही. ते आपल्या पायानं येतं, दारात बसतं, भाकरी खातं आणि घरचं होऊन जातं. त्यामुळं मी बीडजवळच्या प्राण्यांच्या निवाऱ्यातून एक थोराड कुत्रं जीपमध्ये घालून आणलं, तेव्हा नेकनूरच्या स्टँडवर माणसं थांबून बघायला लागली. एकानं विचारलंच, "बाई, गल्लीतली संपली का?"

"गल्लीतली तुमच्यासाठी ठेवलीत," मी म्हणाले. जीभ माझी अशीच. गावच्या दूध संस्थेत सचिव म्हणून उभा जन्म काढला. दुधात पाणी घालणाऱ्याला चारचौघांत बोलायची सवय, ती कुठं जाणार?

संस्थेच्या राखणीला कुत्रं पाहिजे, असं मी सगळ्यांना सांगत होते. राखण कसली डोंबलाची! दुष्काळानं निम्मी जनावरं चारा छावणीवर गेली होती आणि दोन कॅन भरायची मारामार होती. खरं सांगायचं तर नवरा जाऊन दुसरं वर्ष लागलं होतं, लेक पुण्याला होती, आणि संस्थेच्या मागच्या दोन खोल्यांत मी एकटी राहत होते. पिल्लू नको होतं. त्याचं हागणं-मुतणं कोण काढणार? माझ्यासारखंच निम्मं आयुष्य उलटलेलं, शहाणं जनावर पाहिजे होतं.

निवारा एक निवृत्त झालेले जनावरांचे डॉक्टर चालवायचे. पत्र्याच्या चार शेडमध्ये ही भुंकाभुंकी चाललेली, आणि हे तांबडं कुत्रं मात्र कोपऱ्यात तोंड रस्त्याकडं करून बसलेलं. उजवा कान टोकाला कापलेला, गळ्यात लुगड्याच्या काठाची वळून केलेली पट्टी. मी म्हणाले, "हेच द्या."

डॉक्टर म्हणाले, "हे सोडून दुसरं कोणतंही न्या. हे कपिलधारच्या रस्त्यावर सापडलंय. गळ्यात पट्टी आहे म्हणजे घरचं आहे. घरची माणसं ऊसतोडीला गेली असणार. गुढीपाडव्याच्या पुढं माणसं परत येतात, शोधत येतात. तोवर थांबा."

मी कसली थांबते! "डॉक्टर, आमच्या संस्थेत दोन्ही वेळा अख्खा गाव येतो, आसपासच्या वाड्या-वस्त्याही येतात. कुणी शोधत असलं तर तुमच्याआधी मला कळेल. मी फळ्यावर लिहून ठेवते: अशा-अशा खुणेचं कुत्रं सापडलंय, ओळख पटवून घेऊन जावं. मालक आला की मी स्वतः सोडून देईन."

ते म्हणाले, "शब्द देताय ना?"

"दिला," मी म्हणाले.

संस्थेच्या दाराशी काळा फळा आहे. फॅट, दर, पशुखाद्य आलं की नाही, सगळं रोज मीच लिहायची. पहिल्या दिवशी खडू हातात घेतला, दर लिहिला आणि म्हटलं, उद्या लिहू. दुसऱ्या दिवशी म्हटलं, अजून हंगाम संपायचाय, आत्ताच कशाला? मग लिहायचं राहिलं असं म्हणणार होते, पण राहिलं नाही. मी लिहिलं नाही.

कारण कुत्रं रुळलं होतं. कॅन विसळलेलं पांढुरकं पाणी मी त्याला द्यायची. टँकरच्या दिवसांत तेही कुणी सांडत नव्हतं, पण सचिवाला कोण विचारणार? दुपारी मी रजिस्टर घेऊन बसले की ते माझ्या पायावर हनुवटी टेकायचं. कुणाच्यातरी अंगाची ऊब मला किती दिवसांनी मिळत होती! रस्त्यानं ऊसतोडीच्या माणसांचा ट्रॅक्टर गेला की मात्र ते उठून उभं राहायचं आणि ट्रॅक्टर दिसेनासा होईपर्यंत बसायचं नाही. मला सगळं कळत होतं. मी एक दिवस कात्रीनं ती लुगड्याची पट्टी कापली. मळली होती, असं स्वतःला सांगितलं आणि चुलीत घातली.

पाडवा झाला. पुढं आठ-पंधरा दिवसांनी, भर दुपारी संस्था बंद असताना, कुत्र्याचे कान एकदम उभे राहिले. घशातून असला आवाज निघाला की मी तोवर कधी ऐकला नव्हता. रस्त्यानं एक बाई चालत येत होती. ती कोण, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी कुत्र्याला धरलं, पशुखाद्याच्या खोलीत ढकललं आणि बाहेरून कडी घातली.

बाई दारात येऊन आधी फळ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "मला वाचता येत न्हाई. डॉक्टर म्हणाले, तुमी फळ्यावर लिवलंय. आमचं कुत्रं तुमच्याकडं हाय म्हणं. आमी कारखान्याला गेलतो. सासूजवळ ठिवलं व्हतं. ती वारली, दहाव्याला आलो तर हे गायब. लई हुडकलं, बाई. पुन्हा फडावर जावं लागलं."

"पळालं ते," मी म्हणाले. "आठ दिवसांतच पळालं."

आतून कुत्रं दार खरवडायला लागलं. मग रडणं. मेलं लहान लेकरासारखं रडत होतं, आणि मी बाईच्या तोंडाकडं बघून म्हणाले, "मांजर आहे."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, माझ्या तर तोंडावरच पडलं असणार. बाईनं वाद घातला नाही. शिव्या दिल्या असत्या तर मी दुपटीनं दिल्या असत्या, तेवढी मी तयार होते. ती त्या दाराजवळ गेली, फळीवर हात ठेवला आणि त्याचं नाव घेऊन म्हणाली, "गप. गप बस." आतला आवाज तिथल्या तिथं थांबला. ते नाव मी इथं लिहीत नाही. ते तिचं आहे.

मग माझ्याकडं न बघता तिनं विचारलं, "पानी मिळतंय न्हवं त्येला रोज?"

"हो," मी म्हणाले. म्हणाले आणि मग कळलं, काय म्हणाले ते.

"आमच्या वस्तीला टँकर चार दिसानं येतोय," ती म्हणाली. "आन् दिवाळी झाली की पुन्हा जायचंच हाय. आता कुणाजवळ ठिवू? राहू द्या. आभाळ वाजलं की भेतंय, तेवढं जवळ घेत जावा."

कडी माझ्या हातापासून दोन पावलांवर होती. एकदा भेटू तरी द्यावं, एवढंही माझ्यानं झालं नाही. दार उघडलं तर ते तिच्यामागं जाईल, ही भीती. ती पायरी उतरली, डोक्यावर पदर ओढला आणि आली तशी निघाली. ती वळणाआड जाईपर्यंत मी हलले नाही. मग कडी काढायला गेले तेव्हा कोपऱ्यातला भरलेला माठ दिसला. वस्तीवरून तापल्या रस्त्यानं चालत आलेल्या त्या बाईला मी पाणीसुद्धा विचारलं नव्हतं.