तांब्यावरचं नाव

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. मालकांना नाही. पिंपळीला माझी आई शेवटच्या आजारात पडून होती, आठ दिवस मी तिच्या उशाशी होते — तिलाही नाही. मला चारचौघांत बोलता येत नाही, लहानपणापासूनच. दारात पाहुणे आले की मी आत जाते. पण लिहिता येतं. चौथीपर्यंत शाळेत होते, अक्षर बरं आहे. म्हणून मुलीच्या जुन्या वहीची कोरी पानं घेतली. तू जी कुणी वाचशील ती माझी मैत्रीण आहेस, असं धरून लिहिते.

आधी तांब्याचं सांगते. पितळेचा होता, जाड काठाचा. भरला की उचलताना मनगट भरून यायचं. तो माझ्या सासूचा — आम्ही त्यांना आत्या म्हणायचो. त्यांच्या लग्नात त्यांच्या मामानं दिलेला. पोटावर नाव घातलं होतं, ‘सौ. अनसूया हिस मामाकडून’. मी शेळगावात नांदायला आले त्याच वर्षी, दूध उतू गेलं म्हणून, आत्यांच्या हातून तो तांब्या माझ्या कपाळावर बसला. डाव्या भुवईच्या वर. बारामतीला नेऊन तीन टाके घातले. डॉक्टरांना मी म्हणाले, न्हाणीत पाय घसरला. असं सांग म्हणून मला कुणी शिकवलं नव्हतं. पुढं तो पाठीवर बसला, एकदा कोपरावर. मालक हातानं मारायचे, ते वेगळं. हात मारून झाला की जेवायला बसतो, त्याच हाताला भाकरी वाढावी लागते. हाताचा राग किती दिवस धरणार? तांब्या मात्र कोनाड्यात बसून असायचा. ज्याचा मार खायचा त्यालाच रोज चिंचेनं घासून उजळवायचं. घासताना त्यावरचं नाव बोटाला लागायचं.

नवीन घर बांधलं, वास्तुशांत झाली. जुन्या घरातलं नको असलेलं सामान ओसरीवर येऊन पडलं. बंद मिक्सर, दोन पत्र्याच्या पेट्या, पंप मारायचा स्टोव्ह, एक पाय हलणारा टीपॉय, साड्यांची दोन बोचकी. धाकट्या दिरानं तेव्हा जुनी गाडी घेतली होती. जाऊबाई रेखा बारावी शिकलेली, हुशार. म्हणाली, "भंगारवाला किलोवर नेतो, ताई. त्यापरीस अंथुर्ण्याच्या बाजारात जाऊ. गाडीची डिकी उघडली की झालं दुकान."

आत्यांनी एकेक वस्तू बघून हो-नाही केलं. त्या आत वळल्या, तेव्हा मी कोनाड्यातला तांब्या साड्यांच्या बोचक्यात घातला.

ही पहिली चोरी. पण मी हे सांगायला बसलेले नाही. चोरीपुरतंच असतं तर कधीच सांगून मोकळी झाले असते.

बाजाराच्या कडेला गाडी लावली. रेखा ओरडायची, "या मावशी, बघा तरी, बघायला पैसं न्हाय लागत!" मी डिकीच्या कोपऱ्याला टेकून, मान खाली घालून उभी. दुपारी रेखा भाजी घ्यायला गेली, तेव्हा ती बाई आली. ऊसतोडीच्या टोळीतली. साडीवर नवऱ्याचा शर्ट, हातांवर पाचटानं ओरखडे उठलेले. माझ्याच वयाची असेल. तिनं बोचकं उसकटलं, तांब्या हाताला लागला. उन्हात धरून फिरवला आणि नावावर बोट ठेवलं.

"अक्का, ह्ये काय लिवलंय? मेलेल्या माणसाच्या नावाचा तर न्हाय ना? तसलं भांडं घरात नगं."

तिचं बरोबरच होतं. मेलेल्याच्या नावानं वाटलेली भांडीही असतात. तिला वाचता येत नव्हतं. मला येत होतं. खरं सांगितलं असतं — आमच्या सासूचं नाव हाय, जिती हाय अजून — तर तिनं तांब्या खाली ठेवला असता. जित्या माणसाच्या नावाचं भांडं बाजारात कसं आलं, हे कुणालाही कळतं. आणि मला तो परत घरी न्यायचा नव्हता.

मी म्हणाले, "देवाचं नाव हाय."

तिनं तांब्या कपाळाला लावला. जे तिच्या पदराच्या गाठीला होतं ते तिनं दिलं, मी घेतलं. तिचं नाव काय, ते मी विचारलं नाही.

घरी आत्या तांब्या शोधत राहिल्या. पेट्यांच्या जागी, चुलीमागं, नव्या घराच्या माळ्यावर. एकदा भिंतीला टेकून म्हणाल्या, "मामाची येवढी एकच वस्तू ऱ्हायली हुती गं." आणि रडल्या. त्यांना रडताना मी पहिल्यांदाच बघितलं. मला कसं वाटलं, विचारशील? पीठ मळत होते. बरं वाटलं. पोटात गार पाणी जावं तसं.

पंधरा-वीस दिवसांनी आमच्या उसाला तोड आली. टोळीच्या कोप्या, पाचटाच्या त्या झोपड्या, आमच्याच बांधाला पडल्या. त्या टोळीत ती असेल हे माझ्या मनात आलं होतं का? आलं होतं. तरी मी काही केलं नाही. जाऊन "बाई, तो तांब्या झाक" एवढं म्हणता आलं असतं. तिथं चार माणसं असतील, मला बोलायची लाज वाटते — अशी मी माझीच समजूत घातली.

सकाळी आत्या मालकांबरोबर वावरात गेल्या. थोड्या वेळानं मालकांचा फोन आला, "हिकडं ये. पळत ये." मी गेले. एका कोपीच्या दारात तीन दगड मांडलेले, त्यांवर तो तांब्या. हळद-कुंकू वाहिलेलं, काठाला झेंडूचं फूल. देवाचं नाव म्हणून तिनं त्याचा देव केला होता. आत लपवला असता तर कुणाला दिसलाही नसता. देवाला कोण लपवतं?

आत्यांना अक्षर येत नव्हतं. पण स्वतःचं नाव, कोरलेलं, त्या लांबूनही ओळखायच्या, जसं आपण आपलं जनावर ओळखतो. त्यांनी तांब्या उचलून माझ्यापुढं धरला. टोळीचा मुकादम, तोडकरी, आमच्या शेजारचे बापूराव, सगळे गोळा झालेले.

"वाच. मोठ्यांदा वाच, समद्यास्नी ऐकू जाऊदे."

बोटानं कुंकू पुसलं आणि मी वाचलं. सौ. अनसूया हिस मामाकडून. माझा आवाज कधी फुटत नाही — त्या दिवशी शाळेत कविता म्हणावी तसा स्पष्ट फुटला.

ती माझ्याकडं बघत होती. एवढा वेळ तिनं मला ओळखलं नसावं. आवाजानं ओळखलं. म्हणाली, "अक्का, तुमीच म्हणला न्हवं, देवाचं नाव हाय म्हणून? त्या गाडीपाशी?"

बापूराव हसले. "घ्या. अनसूयाबाई देव झाल्या की ओ. आमी हितं पन्नास वर्सं शेजारी, आमास्नी पत्त्याच न्हाय." माणसं हसली. मालकांनी मला विचारलं, "तू इकला व्हय गं?"

मी मान हलवली. नाही म्हणून. एवढंच. तोंडानं खोटं बोलायचीही वेळ आली नाही. मी कमी बोलते हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून माझं मान हलवणं खरं धरलं गेलं.

मग मारायला लागले. पहिल्यांदा तिच्या नवऱ्याला. मालकांनी तिथलंच उसाचं टिपरू उचललं आणि त्याच्या पाठीत घातलं. ते तुटलं, दुसरं घेतलं. आणखी दोघं-तिघं आले. एकानं त्याचे केस धरले. ऊस मोडल्याचा आवाज तुला माहीत असेल — हाडाचाही तसाच येतो, आत काय मोडलं ते पटकन कळत नाही. तो खाली पडला, तोंडात माती गेली, आणि तो नुसतं "न्हाय ओ मालक, न्हाय ओ मालक" करत होता. मुकादम बाजूला उभा राहून तंबाखू मळत होता. ती मधे घुसली, नवऱ्याच्या अंगावर आडवी पडली, दोन लाथा तिला बसल्या. आणि तिथूनच ती ओरडली, "त्या अक्काला विचारा! तिला देवाची शपथ घालून विचारा!"

आत्यांनी तांब्या माझ्या हातात दिला. "तुझ्या नावानं बोंबलतीय. हाण तिला."

इथं मी तीनदा पेन खाली ठेवलं आहे.

मी हाणलं. तिनं उजवा हात वर केला होता, काठ बोटांवर बसला. आवाज आला. तिनं हात पोटाशी घेतला आणि गप्प झाली, एकदम गप्प. माझ्याकडं बघत राहिली. तिथं सगळं संपलं होतं. मालक थांबले होते. आत्या म्हणाल्या, "बास, ऱ्हाऊदे." कुणी मला दुसरा फटका मारायला सांगितला नाही.

दुसरा मी माझ्या मनानं मारला. तिच्या कपाळावर. डाव्या भुवईच्या वर. ती जागा मला माहीत होती — तिथं कातडी पातळ असते, लगेच फुटते, आणि रक्त डोळ्यात उतरतं, मग समोरचं दिसत नाही. तिनं माझ्याकडं बघू नये म्हणून मारलं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. ते अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं हे, की मारताना हात हलका झाला. एवढ्या वर्षांत मी मारणाऱ्या बाजूला कधी उभी नव्हते. कसं असतं ते त्या दिवशी कळलं. तिसराही मारला असता. मालकांनी मनगट धरलं म्हणून थांबले.

संध्याकाळच्या आत त्यांची कोपी मोडून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत टाकली. मुकादम म्हणाला, "अर्धा कोयता काय कामाचा?" टोळीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. तिची बोटं सुजून निळी झाली होती, नवरा वाकडा होऊन चालत होता. तिनं कपाळाला तोच शर्ट बांधला होता, नवऱ्याचा. पोलिसांत कुणी गेलं नाही. आमच्यातलं नाही आणि त्यांच्यातलंही नाही. कुठं गेले मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

रेखानं त्या रात्री भांडी घासताना माझ्याकडं बघितलं. तिनं बाजारात बोचकं बघितलं होतं का? कोण जाणे. पुढच्या महिन्यात ती दोघं बारामतीला वेगळी राहायला गेली. अजूनही ती माझ्या हातचा चहा अर्धा ठेवते.

आणि आत्या? आत्या बदलल्या. जेवताना मला आधी वाढायच्या. पाहुण्यांना सांगायच्या, "आमची शालन बोलत न्हाय, पण घरचं राखती." त्या दिवसानंतर मला त्या घरात कुणी हात लावला नाही. मालकांनीही नाही. दहा वर्षं मार खाऊन जे मिळालं नव्हतं ते दोन फटक्यांत मिळालं. ते मी घेतलं. नको म्हणाले नाही.

त्या उन्हाळ्यात जत्रेत भांड्यांवर नावं घालणारा बसला होता. आत्या तांब्या घेऊन स्वतः गेल्या. आल्या तेव्हा त्यांच्या नावाखाली दुसरी ओळ होती. ‘सौ. शालन हिस सासूकडून’. माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "आता तुझा."

आत्या जाऊन चार वर्षं झाली. मारामुळं मी तशी झाले, असं म्हणता येईल. मी म्हणत नाही. पहिला फटका सांगितला म्हणून मारला, दुसरा माझा आहे.

तांब्या देवघरात असतो. आज सकाळी घासला. आत्यांचं नाव झिजत आलंय, मधली दोन अक्षरं बोटाला लागत नाहीत. माझं अजून ठसठशीत आहे. मी चौथी शिकलेली आहे. मला वाचता येतं.