बाबांचे वेढे

मोटार वाइंडिंगच्या दुकानातून व्हार्निशचा वास आला की बाबांचं मोजणं ऐकू येतं. अठ्ठ्याहत्तर साली माझ्या कॉलेजच्या प्रकल्पासाठी, लोखंडी गोळी हवेत तरंगवणाऱ्या विद्युतचुंबकाची कॉइल ते जरीपटक्यातल्या आमच्या दुकानात गुंडाळत होते. ते तारेचे वेढे मोजत असताना कोणी बोलायचं नाही, हा घरचा नियम होता. मध्येच त्यांनी छाती दाबून धरली. मी काही विचारणार, तोच ते म्हणाले, "बोलू नको गा, आकडा चुकते."

मी गप्प बसलो. तेव्हा ते शहाणपणाचं वाटलं होतं.

चौथ्या दिवशी धंतोलीच्या दवाखान्यात ते वारले. महिन्याभराने परीक्षकांसमोर गोळी चुंबकाखाली तरंगली. मित्रांनी टाळ्या वाजवल्या. मला काहीच वाटलं नाही. गोळी जराही हलत नव्हती.

आकडा बरोबर होता.