नमस्काराचं बटण

मी माझ्या विहिणीला गोळी घातली, तेव्हा लग्नाच्या पत्रिका वाटून झाल्या होत्या.

घाबरू नका, विहीणबाई ठणठणीत आहेत. गोळी मोबाइलमधली होती. पण विहीण खरी होती, आणि तिचा राग तर त्याहून खरा!

झालं असं, की आमच्या मयूरीच्या साखरपुड्यात मी झाडून सगळ्यांचे आहेर केले आणि नवऱ्या मुलाच्या आत्याला साडी द्यायची तेवढी विसरले. (साडी आणलेली होती हो! नंतर कपाटात माझ्याच साड्यांखाली निघाली. पण हे कुणाला पटणार?) आत्याबाई काही बोलल्या नाहीत. बोलल्या त्या विहीणबाई. वैजापूरला पोचल्या पोचल्या फोन.

"आमच्या माणसाचा मान नाय ठेवला तुम्ही. लग्नाला येऊ, अक्षता टाकू. पण तुमच्या मांडवात पाण्याचा घोट घेणार नाय!"

विहीण मांडवात उपाशी राहिली, तर माझ्या मयूरीला ते जन्मभर ऐकून घ्यावं लागणार. पहिल्याच दिवाळीला "तुझ्या आईनं तेव्हा..." सुरू! मी माफी मागितली, साडी लगेच पाठवते म्हटलं. "मागून दिलेली साडी म्हणजे मागून घेतलेली साडी," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मयूरी आणि आमचे होणारे जावई ऋषी, दोघं पुण्यात दिवसभर कॉम्प्युटरवर नोकरी करतात आणि उरलेल्या वेळात मोबाइलवर माणसं मारतात. या दोघांना एक दिवस अक्कल सुचली.

"आई, तुम्ही चौघांनी आमचा गेम खेळायचा. दोन्हीकडचे आई-बाबा मिळून एक टीम. रोज संध्याकाळी. काकूंना ऋषीनं तयार केलंय."

"अगं, त्यापेक्षा सत्यनारायण घालू!"

"त्या येतील गं. पण प्रसाद घेतील का?"

पोरगी वकील व्हायला पाहिजे होती.

खेळ सोपा आहे म्हणे. विमानातून एका बेटावर उडी मारायची, रिकाम्या घरांतून बंदुका नि औषधं गोळा करायची, बाकीच्या टीमना मारायचं, आणि शेवटी आपण शिल्लक राहायचं. इकडं मुकुंदवाडीत मी आणि आमचे हे, तिकडं वैजापुरात व्याही आणि विहीणबाई. चौघांच्या हातात चार फोन, कानात इअरफोन.

पहिल्या दिवशी विमानात बसलो.

"भाऊसाहेब, मारा उडी," आमचे हे व्याह्यांना म्हणाले.

"छ्या छ्या पाव्हणं, आधी तुम्ही!"

"असं कसं? मुलाकडचा मान आधी."

"आवो, पण वयाचा मान असतो का नाय? तुम्ही थोरले!"

विहीणबाई गप्प. (रुसलेलं माणूस आपणहून उडी मारत नसतं!) या दोघांचं उरकायच्या आत विमान बेट ओलांडून पुढं गेलं आणि आम्हा चौघांना समुद्रात ओतून मोकळं झालं. बंदूक बघायच्या आधीच आमचा निकाल लागला.

दुसऱ्या दिवशी "एक, दोन, तीन, सगळे मिळून" असं ठरवलं, तेव्हा कुठं जमिनीला पाय लागले. तर पुढं नवीनच तऱ्हा! आमच्या ह्यांची हयात सरकारी कचेरीत गेली. न विचारता कुणाच्या घरात शिरणं त्यांना जमेना. दारात उभं राहून म्हणायचे, "कुणी आहे का घरात?" असायचं ना! आतून गोळी यायची. व्याह्यांचं तर विचारूच नका. त्यांची कांद्याची आडत. बेटावरच्या सगळ्या मलमपट्ट्या त्यांनी एकट्यानं गोळा केल्या आणि कुणाला देईनात.

"थांबा ताई, इतक्यात नाय काढायचा माल. जरा टंचाई होऊ द्या, भाव येतो!"

"अहो, पण विकणार कुणाला?"

"ते बघू की. माल तर हातात पायजे!"

मग पिशवीभर पट्ट्या पाठीवर घेऊन ते जखमेनं मरायचे.

आणि विहीणबाई? त्या माझ्याशी बोलतच नव्हत्या. जे काय सांगायचं ते नवऱ्यामार्फत.

"अहो, त्यांना सांगा, मागं माणूस आहे."

"ताई, ही काय म्हणतीय, तुमच्या मागं..."

तोवर मी मेलेली असायचे!

लग्न जवळ आलं, तशी माझी झोप उडाली. मी मयूरीला म्हटलं, "या खेळानं काही होत नाही गं." तर तिनं एक युक्ती सांगितली. खेळात नमस्काराचं बटण असतं. दाबलं की आपली बाहुली दोन्ही हात जोडते. "काकू दिसल्या की नमस्कार करत जा." मला पटलं. फक्त ते बटण गोळीच्या बटणाला अगदी खेटून आहे, हे काही मी नीट बघितलं नाही.

त्या संध्याकाळी एका पडक्या घरापाशी विहीणबाई समोर आल्या. मी मनोभावे अंगठा टेकवला.

ठो! ठो! ठो!

"अगं बाई, मेले!"

विहीणबाई गुडघ्यावर आल्या. या खेळात पडलेलं माणूस लगेच मरत नाही. थोडा वेळ रांगतं, आणि कुणी जवळ बसून पट्टी बांधली तर उठतं. मी धावले. तर विहीणबाई रांगत रांगत पळायला लागल्या!

"थांबा हो विहीणबाई!"

"हात नका लावू मला! तिकडं मान नाय, आणि इकडं गोळ्या घालता व्हय?"

"नमस्कार करत होते हो!"

"असा? बंदुकीनं?"

"भाऊसाहेब, पट्टी द्या लवकर!"

"ताई, आत्ताच टंचाई सुरू झालीय, थोडं थांबलं तर..."

"अहो, तुमची बायको मरतीय!" आमचे हे ओरडले.

व्याह्यांनी पिशवीतून पट्टी काढून माझ्यापुढं टाकली. (एकच!)

मग गवतातून, ओढ्यातून, बांधावरून आमची मिरवणूक निघाली. पुढं रांगणाऱ्या विहीणबाई, मागं पट्टी घेऊन मी, माझ्यामागं दोघं व्याही. चहूकडं लोक एकमेकांना मारण्यात गुंतले होते. आमच्याकडं बघायला कुणाला सवड नव्हती.

आणि मला रडूच फुटलं. खरंखुरं रडू, मुकुंदवाडीत, सोफ्यावर बसून.

"चुकले हो मी! पोरगी चालली घरातून, काय कुठं ठेवलं काही सुचत नव्हतं. साडी माझ्याच कपाटात राहिली. माझ्यावर काय रागवायचं ते रागवा, पण पोरीच्या मांडवात उपाशी नका राहू. आत्याबाईंना सगळ्यांच्या आधी पैठणी नेसवते मी!"

रांगणं थांबलं.

"आणि मला?"

"तुम्हालापण!"

"मग बांधा की पट्टी! जीव चाललाय माझा."

मी पट्टी बांधली. विहीणबाई उठून उभ्या राहिल्या. तेवढ्यात इअरफोनमध्ये पाचवाच आवाज आला.

"लई छान झालं बाई! पण रंग आधी विचारून घ्या, नाहीतर परत रुसतील!"

आम्ही चौघं गार! मागच्या झाडाखाली एक परकी बाई बंदूक खाली करून उभी होती. माझा माइक आसपासच्या शत्रूंनाही ऐकू जाईल असा चालू राहिला होता म्हणे.

"तुमच्या मागंमागंच फिरतेय मघापासून," ती म्हणाली. "मारावंसंच वाटेना. आधी तुमचं मिटतंय का नाही, तोच घोर लागला!"

ओळख ना पाळख, पण किती मायेची बाई! मला इतकं भरून आलं, म्हटलं, हिला एक नमस्कार तर केलाच पाहिजे.

ठो!

बेटावर उरलेली ती शेवटचीच होती, पट्टी बांधायला तिच्या टीमचं कुणी नव्हतं, म्हणून रांगणंबिंगणं नाही, थेट निकाल. पडद्यावर सोनेरी अक्षरं नाचायला लागली. आम्ही जिंकलो होतो! व्याह्यांनी तिकडं शिट्टी मारली, ह्यांनी इकडं चहा सांडला, आणि विहीणबाई म्हणाल्या, "अहो ताई, काय नेम आहे हो तुमचा!" त्या मला पहिल्यांदाच ताई म्हणाल्या होत्या. बिचाऱ्या परक्या बाईची माफी मागायची तेवढी राहूनच गेली.

लग्नाच्या दिवशी आत्याबाई पैठणीत, विहीणबाई पैठणीत. (रंग विचारून घेतले होते.) मांडवाच्या दारात मी स्वतः विहीणबाईंपुढं पाण्याचा तांब्या धरला. एक घोट कसला, त्यांनी अर्धा तांब्या रिकामा केला आणि वर विचारलं, "जिलबी आहे ना जेवणात?" माझा जीव भांड्यात पडला. डोळ्यांत पाणी आलं. मी तांब्या खाली ठेवला आणि त्यांना नमस्कार करायला दोन्ही हात वर केले.

विहीणबाईंनी टुणकन उडी मारली आणि त्या व्याह्यांच्या पाठीमागं जाऊन लपल्या.

"ताई, हात खाली! आधी हात खाली घ्या!"

सगळा मांडव माझ्याकडं बघायला लागला. तेव्हापासून वैजापूरला गेले, की मी दारातूनच "काय, बरंय ना?" म्हणते आणि हात पदराआड ठेवते. त्या घरात मला नमस्काराला बंदी आहे!