कोट घेणारी विहीण

उर्कीया माझी शेजारीण. अल्माटीत डोंगराच्या अंगाला वरचं शहर आणि उताराच्या टोकाला आम्ही. हिवाळ्यात कोळशाचा धूर आमच्याकडेच मुक्कामाला असतो. वरच्यांना तेव्हाही ऊन मिळतं. मुलगी मोल्दिर लहान असतानाच उर्कीयाचा नवरा गेला. तेव्हापासून ती शहरातल्या मोठ्या नाट्यगृहात कामाला आहे. प्रेक्षक आले की त्यांचे कोट घ्यायचे, खुंटीला लावायचे, हातात बिल्ला द्यायचा, खेळ सुटला की कोट परत करायचे.

या कामावर मोल्दिर शिकली आणि विद्यापीठात समाजशास्त्र शिकवायला लागली. संध्याकाळी शेवयांचं पीठ मळता मळता ती आम्हाला तिचे विषय ऐकवायची. काही विद्वान म्हणतात, समाज चालायचा तर कुणी वर, कुणी खाली असावंच लागतं. काही म्हणतात, मालकी कुणाची आणि राबतं कोण, एवढंच बघा. आणि काहींचं म्हणणं असं, की माणूस कसा बसतो, कसा जेवतो, काय घालतो, यावरूनच त्याला वरचा की खालचा ते ठरवलं जातं, आणि ते सहजासहजी पुसता येत नाही. उर्कीयाला हे तिसरं म्हणणं ऐकूनच धास्ती वाटायची.

मग मोल्दिरचं दाउरेनशी जमलं. मुलगा सालस, पण घर वरच्या शहरातलं. वडील नावाजलेले सर्जन. मोल्दिरनं फोनवर त्याच्या आईचा, गौहरचा, फोटो दाखवला आणि उर्कीयानं तिला लगेच ओळखलं. या बाईचा करडा कोट ती कित्येक हिवाळे घेत आली होती.

"आभार मानते ती दर वेळी," मला म्हणाली, "पण बिल्ल्याकडे बघून."

मोल्दिरनं दाउरेनच्या घरी एवढंच सांगितलं होतं, की आई नाट्यगृहात असते.

"मग त्यांनी काय समजायचं?" उर्कीया चिडली. "मी तिथे गाते म्हणून?"

मी तिला सल्ला दिला, की मुलीच्या कानात डूल पडेपर्यंत गप्प राहा, एकदा पडले की कोण काढून घेतंय. आम्हा कझाकांत वराची आई मुलीच्या घरी येऊन तिच्या कानात डूल घालते, की सोयरीक पक्की.

डूल घालायच्या दिवशी दोन मोठ्या गाड्या आमच्या खड्ड्यांतून डुलत आल्या. उर्कीयाकडे पाय ठेवायला जागा नव्हती. मेंढा कापलेला, भट्टी माझ्या अंगणात. गौहर आली, सगळ्यांशी अदबीनं बोलली, उर्कीयाला मिठीही मारली. ओळखलं मात्र नाही. चहा घेता घेता तिनं सहज विचारलं, "विहीणबाई, तुम्ही नाट्यगृहात काय काम बघता? मी दर मोसमात येते, पण आपली गाठ कधी पडली नाही."

मी उर्कीयाकडे बघून डोळे वटारले. तिनं माझ्याकडे बघितलंच नाही.

"दर वेळी पडते," ती म्हणाली. "कोट घेते मी. तुमचा करडा आहे, डाव्या खिशाचं अस्तर उसवलंय."

गौहरचा कप हातातच राहिला. मग दाउरेनचे वडील खाकरले आणि रस्त्यांबद्दल काहीतरी बोलू लागले. गौहरनं मोल्दिरच्या कानात डूल घातले. रिवाजाप्रमाणे दोन्हीकडच्यांनी एकमेकांना हातानं कलेजी भरवली. घास दिला गेला, घेतला गेला, आणि पाहुणे लवकर उठले.

पुढे कितीतरी दिवस गौहरचा फोन आला नाही. दाउरेन येत होता, सगळं ठीक आहे म्हणत होता. मोल्दिर म्हणायची, आई, तू खरं बोललीस, बरं केलंस. पण तिचे डोळे सुजलेले असायचे, आणि उर्कीया स्वतःला बोल लावत होती. माझ्यापाशी तिनं कबूल केलं, की ती खरेपणासाठी बोललीच नव्हती. इतकी वर्षं समोर उभी असून जिनं तोंड पाहिलं नाही, तिला एकदा तरी पाहायला लावायचं होतं.

नाट्यगृहाचा नवा मोसम सुरू झाला. पहिल्या खेळाला गौहर येणार हे ठरलेलं. मी म्हटलं, रजा टाक. ती म्हणाली, टाकून किती दिवस टाकू?

गौहर आली, चार मैत्रिणींबरोबर. उर्कीयाला तिनं लांबूनच पाहिलं आणि कोट दुसऱ्या टोकाच्या बाईकडे देऊन जिना चढून गेली. उर्कीया सांगत होती, की त्या क्षणी तिला वाटलं, संपलं सगळं. हातातले बिल्ले तिनं उगाचच पुन्हा रचले.

पहिली घंटा झाली. प्रेक्षक आत गेले. आणि गौहर त्याच मैत्रिणींना घेऊन जिना उतरताना दिसली. सरळ उर्कीयासमोर येऊन उभी राहिली.

"ही माझी विहीण," ती मैत्रिणींना म्हणाली. "मोल्दिरची आई." मग तिनं आवाज खाली केला. "मघाशी मला भीती वाटली, विहीणबाई. या काय म्हणतील याची. आणि त्या दिवशी तुमच्या घरात माझीच लाज वाटली. फोन हातात घ्यायचे आणि ठेवून द्यायचे."

"तुमची घंटा झाली," उर्कीया म्हणाली.

"होऊ दे," गौहर म्हणाली. मैत्रिणींना तिनं वर पाठवलं आणि स्वतः काउंटरच्या आतल्या स्टुलावर बसली. पहिला अंक संपेपर्यंत दोघी लग्नाचंच बोलत होत्या. मांडव कुठे, पाहुणे किती, आणि दाउरेनला कांदा अजिबात चालत नाही. मध्येच त्यांची खडाजंगीही झाली. गौहरला महागडा हॉल हवा होता, उर्कीयाला आपल्या अंगणात करायचं होतं. ते काही तिथे सुटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे सगळं सांगताना उर्कीया माझ्या भट्टीतली गरम रोटी एकामागून एक खात होती. डूल घातले त्या दिवसापासून तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता. शेवटी मला म्हणाली, कुल्यान, जरा पडते गं. आणि माझ्याच घरात पडली ती दुपारपर्यंत उठली नाही. मोल्दिर दोनदा बघून गेली. आम्ही तिला उठवलं नाही.