गाद्यांच्या दुकानात बसायला मनाई

मोशीच्या पुढे, चाकणकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून एक गाद्यांचं दुकान होतं, तिथे मी अडीच वर्षं काढली. दुकानात तीस पलंग होते, तीस पलंगांवर तीस गाद्या होत्या, आणि नोकरमाणसाने त्यातल्या कशावरही टेकायचं नाही असा नियम होता. खुर्ची एकच होती. ती गिऱ्हाइकासाठी. पण समोर तीस गाद्या पसरलेल्या असताना खुर्चीवर बसणारं गिऱ्हाईक मी पाहिलं नव्हतं, त्यामुळे ती कायम रिकामी असायची आणि मी तिच्याशेजारी उभा असायचो.

त्याआधी सोळा वर्षं मी चाकणच्या एका कंपनीत स्टोअरला होतो. कंपनी दुसऱ्या राज्यात गेली. जाताना मशिनं नेली, मला विचारलं नाही. चव्वेचाळिसाव्या वर्षी माणसाला नवी नोकरी बोलण्याची मिळते किंवा शिट्टी वाजवण्याची. वॉचमनच्या कपड्यांत माझं पोट मावेना, म्हणून मी बोलण्याची घेतली.

मालकांची तीन दुकानं होती. ते सांगवीच्या दुकानात बसायचे आणि बाकीची दोन मोबाइलवर कॅमेऱ्यातून बघायचे. ते बसायचे म्हणजे खरोखरच बसायचे, त्यांची खुर्ची गोल फिरायची. मुलाखतीत ते मला म्हणाले होते की मूळ पगाराकडे बघू नका, तो आपण नुसता नावाला ठेवलाय. पुढे त्यांच्या बऱ्याच गोष्टी खऱ्या निघाल्या नाहीत, ही मात्र शंभर टक्के खरी निघाली. खरी कमाई कमिशनवर, आणि कमिशन आठवड्याच्या चौथ्या गादीपासून. पाच गाद्या गेल्या तर बुधवारची सुट्टी, नाहीतर बुधवारीही सकाळी दहा ते रात्री दहा. म्हणजे आमच्याकडे सुट्टीसुद्धा कमिशनवर होती.

मला हे काम जमत नव्हतं अशातला भाग नाही. कॉलनीच्या गणपतीत मी तीन वर्षं मरणाऱ्या राजाची भूमिका केलेली आहे. गिऱ्हाईक दारातून आत आलं की मी कमरेवर हात ठेवून, चेहरा वाकडा करून, स्वस्त गादीवरून उठलेला माणूस चालून दाखवायचो. मग महाग गादीवरून उठलेला माणूस. दुसरा माणूस पहिल्यापेक्षा दहा वर्षांनी तरुण असायचा. काही जण टाळ्या वाजवायचे आणि उशी घेऊन जायचे. उशीवर कमिशन नव्हतं.

तर त्या सुमाराला घरी वास्तुशांत अडली होती. चिखलीला आम्ही वन बीएचके घेतला होता. बुक केला तेव्हा कंपनी होती, ताबा मिळाला तेव्हा गाद्या होत्या. वास्तुशांतीची तारीख दोनदा काढली, दोन्ही वेळा त्या आठवड्यात गाद्या पाच झाल्या नाहीत. दोन्ही वेळा बायकोने राजगुरुनगरला माहेरी फोन करून येऊ नका म्हणून कळवलं. पहिल्या वेळी माझी तब्येत बरी नसल्याचं सांगितलं, दुसऱ्या वेळी गुरुजींची. तिसरी तारीख पुन्हा बुधवारची निघाली. या वेळी ती माझ्याशी भांडली नाही. भाकरी थापता थापता, पाठमोरीच, म्हणाली, "अहो, मी गुरुजींना विचारलं. बायको हजर नसेल तर तिच्या जागी सुपारी ठेवून पूजा करता येते. नवरा नसेल तर काय ठेवायचं, ते बघून सांगतो म्हणाले."

"मग?"

"मग काय. ते बघेपर्यंत मी पण सुपारीच ठेवणार. माझा भाऊ ओळखेल तुम्हाला."

रविवारपर्यंत माझ्या चार गाद्या गेल्या होत्या. आठवड्याचा हिशेब सोमवारी रात्री व्हायचा, तोवर आणखी एक हवी होती.

रविवारी दुपारी चार वाजता एक म्हातारं जोडपं आलं, चाचा आणि चाची. दुपारचे चार ही उभ्या माणसाची फार वाईट वेळ. पाय आपले राहिलेले नसतात आणि घड्याळ मालकाच्या बाजूने असतं. चाचांचा कुर्ता पांढराशुभ्र होता, नखांच्या कडा मात्र कायमच्या काळ्या. कासारवाडीला त्यांचं ट्रकचं गॅरेज होतं. चाची आल्या त्या सरळ खुर्चीवर बसल्या. मी त्यांच्याकडे जरा बघतच राहिलो.

मी कमरेवर हात ठेवून चालायला सुरुवात केली. चाचांनी मला दोन पावलांत थांबवलं. म्हणाले की हे राहू दे भाऊ, चाळीस वर्षं मी ट्रकखाली पाठीवर पडून काम केलंय, दुखणारी पाठ मला दाखवू नका. मग ते स्वतःच कामाला लागले. गाद्यांवर मूठ मारली, कोपरे दाबले, एका गादीला कान लावून मला पलीकडचा कोपरा हलवायला सांगितला. शेवटी खिडकीजवळच्या एका चांगल्या गादीपाशी थांबले. मी म्हटलं, झोपून बघा ना. त्यांनी मान हलवली.

"गाडीत बसलेल्याला गाडीचा दोष कळत नसतो, राव. चालवणारा दुसरा पाहिजे आणि आपण बाहेरून बघायचं. तुम्ही झोपा."

मी त्यांना नियम सांगितला. चाची म्हणाल्या, "गाद्या विकता आणि गादीवर झोपायचं नाही? मग मिठाईवाल्याच्या तोंडाला कुलूप असतं का?" मी वर कोपऱ्यातल्या कॅमेऱ्याकडे बोट केलं. दोघांनी वर पाहिलं. चाचींनी तर सवयीने पदरही सारखा केला.

मी विचार केला. एका बाजूला मालक होते, दुसऱ्या बाजूला सुपारी. मी चपला काढल्या. चपला काढल्या होत्या, हे मी तेव्हाही सांगितलं आणि आजही सांगतो. मग आडवा झालो. ठरवलं असं होतं की दोन मिनिटं डोळे मिटायचे, चेहऱ्यावर समाधान आणायचं आणि उठून किंमत सांगायची. समाधान आणलं, एवढं मला आठवतं.

पुढचं सगळं चाचींनी सांगितलेलं आहे.

पाच मिनिटांत मी घोरायला लागलो. चाचा खूश झाले. गाडी चालू झाली म्हणाले. त्यांनी चाचींच्या पिशवीतून दोरा मागून घेतला, चाकांचं अलाइनमेंट बघतात तसा माझ्या मानेपासून कमरेपर्यंत ताणून धरला आणि एक डोळा मिटून पाहिलं. मी कूस बदलली तेव्हा त्या बाजूनेही पाहिलं. तेवढ्यात जवळच्या गावातले एक पाटीलबाबा बायकोला घेऊन दुकानात आले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "ह्यो जिता हाय न्हवं?"

चाचींनी त्यांना झोपलेत म्हणून सांगितलं आणि गादीवरची चिठ्ठी वाचून किंमतही सांगितली. पाटीलबाबा बराच वेळ मला बघत उभे राहिले. मग बायकोला म्हणाले, "चला. आपल्याला न्हाई जमायची ही. अशी झोप लागल्यावर सकाळी धारा कोन काढंल?"

माझ्या आयुष्यातलं सर्वांत चांगलं प्रात्यक्षिक होतं ते, आणि त्यात गिऱ्हाईक गेलं.

मग काउंटरवरचा फोन वाजला. वाजायचाच होता. चाचांनी उचलला. "हळू बोला," ते म्हणाले, "झोपलेत." मग मालकांनी विचारलं, आपण कोण? चाचा म्हणाले, गिऱ्हाईक. आता मालकांची पंचाईत अशी, की गिऱ्हाइकावर ओरडता येत नाही आणि ज्याच्यावर ओरडता येतं तो झोपलेला. त्यांनी फोन तसाच कानाला धरून ठेवला.

चाचींनी माझ्या पायाला हात लावून मला उठवलं. पाऊण तास झाला होता. उठल्याबरोबर माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो "सुपारी". चाचींनी पिशवीत हात घातला आणि म्हणाल्या, पान हवंय का? मग मला सगळं सांगावं लागलं. वास्तुशांत, दोन मोडलेल्या तारखा, पाच गाद्या आणि बुधवार. त्या हसल्या नाहीत. शेवटची सुट्टी कधी घेतली होती म्हणून त्यांनी विचारलं. मी म्हटलं, पाच आठवडे झाले. त्यांनी चाचांकडे पाहिलं.

मी चपला घातल्या, केस सारखे केले आणि विचारलं, "मग पाठवू का गादी?"

"नाही," चाचा म्हणाले. "दोरा सरळ होता, त्याचं काही नाही. पण गादीचं काही कळलं नाही मला. तुम्ही डिव्हायडरवर पण एवढेच झोपला असता."

मी गादीवर माझ्या अंगाने पडलेला खळगा हाताने सारखा केला.

मालक अजून फोनवर होतेच. चाचांनी रिसीव्हर कानाला लावला आणि गॅरेजमध्ये नव्या फिटरला समजावतात तसं सावकाश त्यांना समजावलं. "शेठ, गाडी घेताना इंजिन थंड असताना चालू करून बघायचं असतं. गरम इंजिन काय, कुणीही चालू करतं. तुमचा माणूस पाच आठवडे गरम आहे. बुधवारी त्याला घरी ठेवा. गुरुवारी कंपन्या बंद, मला काम कमी, मी येतो. थंड माणसावर तपासतो. पास झाली तर घेतो."

मालकांनी विचारलं, नक्की घेणार का? चाचा म्हणाले, शब्द आहे. मग फोन माझ्याकडे आला. मालक झोपेबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. बुधवारी सुट्टी दिलीय म्हणाले, पण सुट्टीत घरी काही कार्यक्रम काढू नका. दिवसभर झोप काढा. गुरुवारी तुम्ही ताजे दिसले पाहिजेत. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

बुधवारी मी पहाटे चारला उठलो. फुलं, समिधा, केळीचे खांब, खालच्या मजल्यावरून आणलेली पातेली. मेहुणे येऊन माझ्याकडे बघून म्हणाले, तब्येत बरी दिसतेय आता. मी म्हटलं, गुरुजींची पण बरी आहे. मग नऊ वाजता मी सोवळं नेसून बायकोच्या शेजारी पाटावर बसलो, तो साडेअकरापर्यंत बसलो. अडीच तास सलग. माझे पाय कुठे आहेत हे कळेनासं झालं तरी मी हललो नाही. होमाचा धूर स्वयंपाकघरातून फिरून पुन्हा आमच्याकडेच येत होता, कारण वन बीएचकेमध्ये धुरालाही जायला दुसरी जागा नसते. बायकोचे डोळे पाणावले होते. धुराने असतील.

मध्येच माझं लक्ष गेलं, माझ्या पाटाला लागून एक सुपारी वेगळी ठेवलेली होती. हळूच विचारलं, ही कसली?

"असू द्या," ती पुटपुटली. "तुम्ही झोपलात तर."

झोपलो नाही. पण नंतर पंगती उठेपर्यंत वाढायला उभा होतो आणि पातेली परत करून आडवा झालो तेव्हा रात्रीचे बारा वाजून गेले होते.

गुरुवारी निघताना बायकोने ती सुपारी माझ्या शर्टाच्या खिशात टाकली. म्हणाली, "दुकानात ठेवा तुमच्या जागी आणि तुम्ही लवकर घरी या. चालतं, गुरुजींनी सांगितलंय." गुरुजींनी असं काही सांगितलं नसणार.

चाचा-चाची चारच्या ठोक्याला आले. चाचांनी माझे डोळे पाहिले, बॉनेट उघडून आत बघावं तसे. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "गरमच आहे अजून." मी खरं सांगून टाकलं. सुट्टी पूजेला गेली, झोपेला नाही. चाचांनी मोठा श्वास सोडला. तपासणी पुढच्या आठवड्यात ढकलायचा त्यांचा विचार मला स्पष्ट दिसला.

चाची खुर्चीवरून उठल्या. "हे इंजिन काही थंड होत नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही झोपा."

"मी बाहेरून बघायचं ना."

"मी बघते बाहेरून. चाळीस वर्षं तुमचं कुरकुरणं मीच ऐकतेय."

चाचा नाइलाजाने आडवे झाले. आढ्याकडे बघत म्हणाले, हे काही बरोबर नाही. मग म्हणाले, हे काही. मग काहीच म्हणाले नाहीत. चाचींनी ना दोरा काढला ना कान लावला. पाच मिनिटं उभ्या राहिल्या, मग मला म्हणाल्या, "घेतली. उठवू नका एवढ्यात."

फोन वाजला. आता कोण झोपलंय, मालकांनी विचारलं. मी म्हटलं, गिऱ्हाईक. झोपू द्या, ते म्हणाले, पंखा लावा त्यांना.

मी पंखा लावला. चाची पलंगाच्या कडेला टेकल्या होत्या, खुर्ची रिकामी झाली होती. त्यांनी मला खुणेने सांगितलं, बसा की. मी खुणेने कॅमेरा दाखवला. मग खिशातली सुपारी काढून खुर्चीच्या बरोबर मधोमध ठेवली आणि तिच्या शेजारी उभा राहिलो.

पुढे मी ती नोकरी सोडेपर्यंत सुपारी तिथेच होती. मालकांनी तिला कधी उठवलं नाही.