ओळखीची माती

मंडईत भाजी घेताना आण्णा आधी खिशातून पितळी वजन काढत. दोनशे ग्रॅमचं. ते भाजीवालीच्या काट्यावर ठेवून आकडा बघत आणि मगच वांगी निवडत.

"आण्णा, माज्यावर भरोसा न्हाय व्हय?" ती फणकारायची.

"तुज्यावर हाय की. काट्यावर न्हाय."

मी, त्यांचा धाकटा चुलतभाऊ, पिशवी धरून भलतीकडंच बघत उभा राहायचो.

आण्णा सोलापुरात एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत मातीतली नैसर्गिक किरणं मोजत. ती सगळ्याच मातीत थोडीफार असतात. किती, एवढाच प्रश्न. माती डब्यात भरायची, झाकणाला पट्टी लावून महिनाभर बंद ठेवायची, म्हणजे तिच्यातून निघणारा वायू आतच साठतो. मग डबा यंत्रात. पण त्याआधी एक ओळखीची माती तशीच बंद ठेवून मोजायची, जिचं उत्तर आधीच ठाऊक असतं. "ओळखीच्या मातीत चुकलो, तर अनोळखीबद्दल तोंड उघडायचं न्हाय," असं ते म्हणत.

दोन वर्षांपूर्वी सांगोल्याकडच्या आमच्या गावात शाळेच्या मैदानावर नवा मुरूम पडला आणि त्यातून घातक किरणं येतात अशी आवई मोबाइलवर उठली. आयांनी पोरं घरी ठेवली. सरपंच प्रयोगशाळेत येऊन बसले.

"आण्णा, 'काय न्हाय' एवढं लिवून द्या की."

"मुरूम आज डब्यात बंद करतो. महिन्यानं या."

आण्णांचं पोटाचं दुखणं तेव्हा बळावलं होतं. डॉक्टर आता वर्षांचं बोलत नव्हते, महिन्यांचं बोलत होते.

महिना भरला आणि ओळखीच्या मातीचा आकडा कमी आला. आण्णांनी यंत्र तपासलं, तारा तपासल्या, पुन्हा मोजलं. जेवणाचा डबा तसाच परत येऊ लागला. तिसऱ्या दिवशी मला राहवेना.

"आण्णा, त्या वळखीच्या मातीचा डबा मी उघडला हुता."

"कवा?"

"गेल्या आठवड्यात, तुमचं जेवण घिऊन आलो तवा. चमच्यानं ढवळून वास घेतला. पट्टी परत चिकटवली."

बंद झाकण मला बघवत नाही. घरातलं लोणचं दरवर्षी माझ्यामुळंच बुरसतं. पण इथं मी वायू सोडून दिला होता, आणि त्याच्याबरोबर त्यांचा एक महिना.

ते ओरडले नाहीत. वहीत लिहिलं: 'डबा उघडला गेला. देखरेख माझी कमी पडली.' आणि नवी पट्टी लावली.

"निदान मुरूम तरी मोजून टाका की," मी म्हणालो.

"आन् आकडा खरा कशावरनं? पोरं खेळायची हायती तितं."

तो दुसरा महिना त्यांनी अंथरुणावरच काढला. शेवटी त्यांच्या सहकारी बाईंचा फोन आला. ओळखीची माती जुळली होती. मुरूम त्या आता मोजायला ठेवणार होत्या. मी फोन त्यांच्या कानाशी धरला होता.

"जुळली न्हवं?" आण्णा म्हणाले. "मग आता मुरूम काय सांगंल ते खरं."

दुसऱ्या दिवशी ते गेले. मुरूम साधा निघाला, आमच्या शेतातल्या मातीसारखाच. आम्ही सुतकात असतानाच शाळा भरली.

पुढं मंडईत गेलो, तेव्हा वजन माझ्या खिशात होतं. काढायचा धीर होईना. भाजीवालीनं वांगी बाजूला केली आणि रिकामा काटा माझ्यापुढं सरकवला.

"ठिवा की," ती म्हणाली.